काळी चार

कंधारला, किल्ल्याच्या खंदकाकडेला
मंडळीचा तंबू होता.
चार गॅसबत्त्या, त्यातली एक फुटकी,
आणि पायपेटीवर मी, चपला काढून.
भात्याला उघडा पाय लागल्याशिवाय
सूर खरा येत नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

राणी हेमावती म्हणजे भुजंगा सोनार.
दिवसा फुंकणीनं निखारा फुलवायचा,
रात्री त्याच छातीनं पाचव्या अंकात मरायचा.
सतरा वर्षं मरत होता.
लोहा, मुखेड, देगलूर, उदगीर,
बायका गाडीतून उतरायच्या आधी विचारायच्या,
'आज राणी मरणार हाय का? मग थांबताव.'

नाटकातलं कारस्थान सोपं होतं.
राजा रात्री वेशीच्या किल्ल्या
शत्रूच्या वकिलाला देतो
आणि सकाळी राणीला विचारतो, झोप लागली का?
राजा म्हणजे आप्पाराव, मंडळीचे मालक.

बाहेरचंही सोपंच.
सोलापूरहून एक बाई येणार होती, खरी,
दाढी करावी न लागणारी.
'लोकांला आता खरी लागती, बन्सीधर,'
आप्पाराव म्हणाले, आणि पंचवीस हाली रुपये
माझ्या मुठीत ठेवले,
पदं तिच्या पट्टीत बसवायला.
'भुजंगाला इतक्यात बोलू नको. उरूस होऊ दे.'

मी मूठ मिटली.
दुपारी तंबूत कुत्रंही नसताना
हलक्या पायानं बसवली सगळी पदं.
भुजंगाची काळी दोन. बाईची काळी चार.
मध्ये एकच काळी पट्टी
आणि सतरा वर्षं.

रात्री, पाचव्या अंकात,
राजाच्या कमरेला किल्ल्या नाहीत हे राणी बघते
आणि खाली माझ्याकडं बघते, सुरासाठी.
माझं बोट गेलं.
कुठं गेलं, ते मला ऐकू आल्यावर कळलं.

भुजंगा थांबला.
काजळातले डोळे पेटीवर, मग आप्पारावांवर,
मग परत माझ्यावर.
सोनार तो. कसोटीवर एकदा रेघ ओढली
की त्याला कुणाला विचारावं लागत नाही.

बोट सरकवायला वेळ होता मला.
त्यानंच मान हलवली, राहू दे,
आणि काळी चारातच उचलली साकी:

    दिल्यास किल्ल्या, सांग, कुणाला? दार कुणाचे आता?
    मीहि एक किल्लीच तुझी ना, कमरेवरची, नाथा?

जंतरातून तार ओढावी तसा
निघत गेला सूर, बारीक, अजून बारीक,
आणि 'नाथा'वर तुटला.

लोकांना वाटलं, राणीच ती, गळा फाटणारच.
पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठून ओरडली,
'मुडद्या, किल्ल्या कामून दिलास?'
आप्पाराव उभे होते, नाटकात राजा उभा असतो तसेच.
वन्स मोअर आला.
भुजंगानं घेतला.
फाटलेल्या गळ्यानं, त्याच पट्टीत.
सतरा वर्षांत इतका चांगला मेला नव्हता.

तंबू रिकामा झाल्यावर
शालूची घडी त्यानं माझ्या पेटीवर ठेवली, वर चोळी.
'तंग व्हईल तिला,' म्हणाला,
'शिवण उसवून घ्या.'
तेवढंच.

बाई गोड गायची. मरायची मात्र घाईनं,
गाडी चुकेल अशी.
मंडळी तीन वर्षांत मोडली,
पेटी माझ्या वाट्याला आली.

तिच्या एका पितळी सुराला चीर गेली,
तेव्हा डाक लावून घ्यायला
मी कंधारला गेलो. दुसरे सोनार होते की,
लोह्यालाही होते.
भुजंगानं चिमट्यात सूर धरला,
उजेडाकडं केला.
'कोणता हाय ह्यो?'

मी उंबऱ्याबाहेर, चपला काढून,
पेटीपुढं असल्यासारखा.

त्यानं फुंकणी तोंडाला लावली.
निखारा फुलला,
आणि फुलतच राहिला,
न तुटता.